घसरगुंडीचा हिशेब

वार्षिकांकासाठी अर्थशास्त्रातला एखादा विषय घेऊन लिही, असे सरांनी सांगितले तेव्हा मी प्रथम ग्रंथालयात गेलो आणि पंचवार्षिक योजनांवरचा एक जाडजूड ग्रंथ घरी आणला. आठ दिवस तो माझ्या उशाशी होता. आमच्या घरात आजवर आलेले ते सर्वांत वजनदार पुस्तक, म्हणून आईने त्याला फडक्यात गुंडाळून ठेवले होते. पण खरे सांगायचे तर त्यातून उतरून काढण्यापलीकडे माझ्या हातून काही झाले नसते. तेव्हा ग्रंथ परत केला आणि ज्या विषयाने मला दोन उन्हाळे मजुरी दिली त्याविषयीच लिहावे असे ठरवले. विषय आहे जलक्रीडा उद्यान, म्हणजे ज्याला आपण सगळे वॉटर पार्क म्हणतो ते. आणि ते वाढवायचे, नवे करायचे, तर खर्च कशाकशाला येतो तो.

बारावीनंतरच्या आणि प्रथम वर्षानंतरच्या अशा दोन्ही उन्हाळी सुट्यांत मी आमच्या भागातल्या एका वॉटर पार्कच्या पंपघरात मदतनीस होतो. त्या पार्कचे नाव मी येथे लिहिणार नाही. पुढे जे आकडे येतील तेही त्यांच्या वहीतले नाहीत. हिशेब समजावा म्हणून मी धरलेले आहेत. एखाद्याला ते कमीजास्त वाटले तर त्याने आपले आकडे घालून पाहावे. रीत तीच राहील.

बाहेरून येणाऱ्या माणसाला वॉटर पार्क म्हणजे रंगीबेरंगी घसरगुंड्या दिसतात. मला पहिल्या दिवशी दिसली ती एक तळघरासारखी खोली, तीत एका रांगेत बसवलेल्या मोटारी, माणसाच्या उंचीच्या वाळूच्या टाक्या आणि इतका आवाज की शेजारच्या माणसाशी हातवाऱ्यांनी बोलावे लागे. माझा असा समज होता की घसरगुंडीवरून जे पाणी येते ते वाहून जाते व वरून दुसरे येते. तसे नसते. तेच पाणी दिवसभर फिरत असते. खालच्या हौदातून मोटार ते मनोऱ्यावर चढवते, घसरगुंडीतून ते माणसांसकट खाली येते, हौदाच्या कडेच्या नाल्यांतून टाकीत जाते, टाकीतून वाळूच्या गाळणीत, गाळणीतून क्लोरीनचा डोस घेऊन पुन्हा हौदात. शरीरातले रक्त जसे हृदयाकडे येते व जाते तसेच हे. पंपघर बंद पडले की पाऊण तासात हौद गढूळ दिसू लागतो.

सकाळी पार्क उघडण्यापूर्वी काचेच्या नळीत हौदाचे पाणी घेऊन दोन औषधांचे थेंब टाकायचे. एकाने पिवळा रंग येतो, त्यावरून क्लोरीन किती ते कळते. दुसऱ्याने तांबूस, त्यावरून पाणी आम्लाकडे झुकले आहे की अल्काकडे. ७.२ ते ७.८ च्या दरम्यान असले म्हणजे ठीक. येथे एक गोष्ट सांगून टाकतो. हौदाजवळ डोळे चुरचुरवणारा जो वास येतो त्याला लोक ‘क्लोरीन फार टाकलाय’ असे म्हणतात. वस्तुतः तो वास मोकळ्या क्लोरीनचा नसतो. घाम व लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन जे पदार्थ तयार होतात त्यांचा तो असतो. म्हणजे वास आला तर क्लोरीन जास्त झाला असे नव्हे. माणसे जास्त झाली. हे कळल्यापासून मी हौदात उतरलेलो नाही.

आता हिशेबाकडे वळू. मालकांना एक मोठी घसरगुंडी वाढवायची होती आणि तिच्या बाजूने संथ वाहणारा एक कालवा करायचा होता, ज्यात माणसे रबरी टायरवर बसून फिरतात. त्यासाठी मोठ्या शहरातून एक गृहस्थ नकाशे घेऊन आले होते. मी त्यांना चहा नेऊन दिला आणि टेबलाशी जरा रेंगाळलो, एवढाच माझा त्या बैठकीतला सहभाग. पण त्या रात्री मी वहीत पहिला प्रश्न लिहिला : एका घसरगुंडीला रोज खर्च किती?

माझी समजूत अशी की सगळ्यात मोठा खर्च विजेचा असणार. कारण पंपघरात आवाज विजेचाच असतो. विज्ञान शाखेच्या एका मित्राला बसवून गणित केले. घसरगुंडीला मिनिटाला ४,००० लिटर पाणी लागते आणि मनोरा १२ मीटर उंच आहे असे धरा. तेवढे पाणी तेवढ्या उंचीवर चढवायला जेमतेम ८ किलोवॅट शक्ती लागते. मोटार आणि पंप यांच्यात जे वाया जाते ते धरून १२ किलोवॅट. म्हणजे तासाला १२ युनिट, आठ तासांना ९६. युनिटला दहा रुपये धरले तरी दिवसाचे हजार रुपये होत नाहीत. मी गणित तीनदा तपासले. आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीची मोटार जवळजवळ एवढीच आहे!

मग खर्च आहे कोठे? तो आहे आमच्या प्रथम वर्षाच्या पुस्तकात, स्थिर खर्च नावाच्या प्रकरणात, जे मी परीक्षेपुरते पाठ केले होते. घसरगुंडी, मनोरा, पाया, पंप आणि बसवण्याची मजुरी मिळून एक कोटी रुपये लागले असे धरा. बँकेचे व्याज १२ टक्के. वर्षाला बारा लाख. दहा वर्षांत ती निकामी होईल असे मानून घसारा वर्षाला दहा लाख. मिळून बावीस लाख. हे बावीस लाख घसरगुंडी चालली तरी लागतात, न चालली तरी लागतात, आणि तिच्यावर माकडे बसली तरी लागतात (आमच्याकडे बसतात). आता वर्षाचे दिवस ३६५ असले तरी वॉटर पार्कचे तेवढे नसतात. मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत नव्वद दिवस, आणि दिवाळी, नाताळ, रविवार असे वीस. एकूण ११० धरू. बावीस लाखांना ११० ने भागा. रोजचे २०,००० रुपये.

वीज हजार, आणि नुसते उभे राहण्याचे वीस हजार. शेतात बैलजोडी बारा महिने खाते आणि औताला लागते चार महिने, तसेच हे. मोटारीचा आवाज होतो म्हणून ती खर्चिक वाटते; व्याजाला आवाज नसतो.

देखभालीला भांडवलाच्या तीन टक्के धरले तर वर्षाला तीन लाख, दिवसाला सुमारे २,७००. ही देखभाल म्हणजे काय ते मी स्वतः केले आहे म्हणून सांगतो. घसरगुंडी फायबरची असते. आमच्याकडच्या उन्हात तिचा वरचा गुळगुळीत थर पांढरा पडतो आणि मग तो अंगाला खरचटतो. तो घासून पुन्हा चकचकीत करावा लागतो. दोन तुकड्यांच्या सांध्यांतले सिलिकॉन निघाले तर तेथे पाठ सोलवटते. रोज सकाळी एक जण उघड्या हाताने सगळी घसरगुंडी चाचपत खाली येतो. मनोऱ्याच्या लोखंडाला क्लोरीनच्या वाफेने गंज चढतो. मोटारीचे बेअरिंग आणि सील बदलावे लागतात, आणि ते नेमके रविवारी जातात. वर एक व खाली एक असे दोन जीवरक्षक आणि एक मदतनीस, माणशी पाचशेप्रमाणे दीड हजार. एकूण झाले रोजचे २५,२०० रुपये.

तिकीट ६०० रुपयांचे असेल तर त्यात कर आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा अशा उद्यानांवर तो २८ टक्के होता. जानेवारी २०१८ मध्ये १८ टक्के झाला. १८ टक्के वजा जाता मालकाच्या हाती राहतात ५०८ रुपये. २५,२०० भागिले ५०८ म्हणजे जवळजवळ पन्नास. या घसरगुंडीने रोज पन्नास माणसे आणली पाहिजेत.

पन्नास म्हणजे काही फार नव्हेत असे वाटते. मलाही वाटले. पण माझी वही पाहून सर म्हणाले, “एरवी जी माणसे आलीच असती, ती यात धरायची नाहीत.” हे वाक्य मला नीट कळायला दोन दिवस लागले. रविवारी पार्कात हजार माणसे येतात. त्यांतली सातशे नव्या घसरगुंडीवर बसली, तरी ती सातशे घसरगुंडीने आणली असे होत नाही. ती नसती तरी ही मंडळी जुन्या तीन घसरगुंड्यांवर बसलीच असती. केवळ हिच्यासाठी म्हणून जो घरून निघाला तोच धरायचा. असे पन्नास रोज. मंगळवारी, परीक्षेच्या दिवसांत आणि अवकाळी पाऊस आला तरी. पुस्तकात याला सीमांत प्राप्ती म्हटले आहे. पुस्तकात ती एका रेषेने दाखवली आहे. तिकीट खिडकीपाशी ती दाखवता येत नाही, कारण कोण कशासाठी आला हे कपाळावर लिहिलेले नसते.

मग मालक वाढवतात तरी का? न वाढवल्यास काय होते ते मी तिकीट खिडकीशी उभे राहून ऐकले आहे. मागच्या वर्षी येऊन गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, “यंदा नवीन काय?” लोखंडाला दहा वर्षे, फायबरला दहा वर्षे, पण नवेपणाला मात्र दोन उन्हाळे. घसाऱ्याच्या कोष्टकात हा रकाना मला कोठे सापडला नाही. पण खरा घसारा हाच.

ही शर्यत जगभर चालली आहे. अमेरिकेत ऑर्लँडो येथे १९७७ साली ‘वेट अँड वाइल्ड’ नावाचे उद्यान निघाले. आजच्या धर्तीचे पहिले वॉटर पार्क म्हणून त्याचे नाव घेतात. ते २०१६च्या अखेरीस बंद झाले आणि त्याच शहरात, त्याच मालकांनी २०१७ मध्ये दुसरे, नवे काढले. उंचीच्या शर्यतीत कॅन्सस राज्यात २०१४ साली १६८ फुटांहून उंच घसरगुंडी उभारली गेली, जगातली सर्वांत उंच. २०१६ साली तिच्यावर एका दहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. पुढे ती पाडून टाकली. उघड्या हाताने सांधे चाचपणाऱ्या माणसाची मजुरी कमी करता येणार नाही असे मी जे म्हणतो ते यासाठी.

आपल्याकडे मुंबईजवळ गोराईला १९८९ मध्ये ‘एस्सेलवर्ल्ड’ आणि १९९८ मध्ये त्याच्या शेजारी ‘वॉटर किंगडम’ निघाले. पण विस्ताराचा खर्च म्हणजे काय हे समजून घ्यायला खोपोलीजवळचे ‘इमॅजिका’ हे उदाहरण अधिक चांगले. ते २०१३ साली सुरू झाले, २०१४ मध्ये त्याला वॉटर पार्क जोडले गेले आणि २०१५ च्या मार्चमध्ये कंपनीने १८० रुपयांना एक याप्रमाणे भाग विक्रीला काढले. पाहुणे येत होते. तिकिटे खपत होती. तरीही हजार कोटींच्या घरातल्या कर्जाचे व्याज तिकिटांतून फिटेना. गर्दी पाहून आपण म्हणतो धंदा जोरात आहे. पण गर्दीने वीज, पगार, देखभाल भागते आणि उभे राहण्याचे पैसे भागत नाहीत, अशी स्थिती असू शकते. त्यात मार्च २०२० पासून टाळेबंदी आली आणि दोन उन्हाळे हातचे गेले. वरच्या हिशेबात ११० दिवसांच्या जागी शून्य घालून पाहा म्हणजे भागाकारच होत नाही. शेवटी २०२२ साली संगमनेरच्या मालपाणी समूहाने ते ताब्यात घेतले आणि बँकांना आपल्या कर्जाच्या मोठ्या भागावर पाणी सोडावे लागले. वॉटर पार्कच्या बाबतीत हा वाक्प्रचार किती चपखल बसतो!

मालपाणी समूहाची शिर्डीला व लोणावळ्याला आधीपासून वॉटर पार्क होती. शिर्डीचे उदाहरण मला विचार करण्याजोगे वाटते. तेथे माणूस येतो तो दर्शनाला. त्याचा गाडीखर्च, मुक्कामाचा खर्च आधीच झालेला असतो. त्याला पार्कात आणायला नवी घसरगुंडीच हवी असे नाही. आमच्या खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला, दर्ग्यांच्या उरुसाला आणि वेरूळला जाता-येता जी माणसे येतात त्यांच्याकडे पाहून आमच्याही मालकांनी असाच विचार केला असावा.

येथवर मी पाण्याविषयी बोललो नाही. त्या गृहस्थांनी आणलेल्या अंदाजपत्रकातही ते शेवटीच होते. फायबर, लोखंड, पाया, पंप, वाहतूक, कर अशा ओळी झाल्यावर सगळ्यात खाली लिहिले होते, ‘पाणी : ग्राहकाने पुरवायचे’. पुढे आकडा नव्हता.

आमच्या घरात पाण्याचे माप लिटर नाही. आमचे दादा, म्हणजे वडील, टँकर चालवतात. त्यामुळे सगळे पाणी मला १०,००० लिटरच्या खेपांत दिसते. तर खेपांतच सांगतो. लाटांच्या तलावाचा पृष्ठभाग १,५०० चौरस मीटर आणि सरासरी खोली ९० सेंटिमीटर धरली तर तो भरायला १३५ खेपा. नवा कालवा २०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि तेवढाच खोल धरला तर ५४. एकूण १८९. हे एकदाच. पण तेच पाणी फिरत असले तरी रोज थोडे जाते. कोठे जाते?

एक, वर जाते. मे महिन्यात आमच्याकडे उघड्या पाण्याची पातळी दिवसाला १० मिलिमीटर तरी उतरते. तलाव आणि कालवा मिळून २,१०० चौरस मीटर म्हणजे रोज दोन खेपा हवेत. दोन, गाळणी धुण्यात. वाळूत घाण साचली की पाणी उलट्या दिशेने सोडून ती धुवावी लागते, याला पंपघरात ‘बॅकवॉश मारणे’ म्हणतात. ते पाणी गटारात. गाळण्यांची संख्या वाढल्यावर रोज दोन खेपा. आणि तीन, जे कोणाच्या लक्षात येत नाही ते : माणसे. हौदात उतरण्यापूर्वी आंघोळ, निघताना आंघोळ, संडास, उपाहारगृह. माणशी ५० लिटर आणि सरासरी ९०० माणसे; साडेचार खेपा. तलावाची वाफ नव्हे, तर न्हाणीघर हा पाण्याचा सर्वांत मोठा खर्च आहे. एकूण ८६,००० लिटर, म्हणजे रोज साडेआठ खेपांच्या वर.

दुष्काळात शासकीय टँकरने पाणी देताना माणशी दिवसाला २० लिटर हे माप धरतात. ८६,००० भागिले २० म्हणजे ४,३०० माणसे. हा आकडा वहीत आला तेव्हा मी पेन खाली ठेवले. आमच्या आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांची मिळून लोकसंख्या डोळ्यांपुढे आली. लेख येथेच संपवावा आणि खाली ‘वॉटर पार्क बंद करा’ असे लिहावे असे वाटले.

पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एकच बाजू भागून थांबू नये. म्हणून उसाचा हिशेब केला. एक एकर उसाला मोकाट पाणी दिले तर वर्षाला सुमारे दोन मीटर उंचीचे पाणी लागते. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. होतात ८०९ खेपा. आणि सबंध पार्कला, ११० दिवसांच्या रोजच्या खेपा आणि पहिली भरती मिळून, १,१३५. म्हणजे ज्या पार्कात साठसत्तर माणसांना काम मिळते त्याला लागते ते पाणी जेमतेम १.४ एकर उसाचे! गोदावरीच्या काठाने गंगापूर, पैठणकडे असे एकर किती आहेत ते एस.टी.च्या खिडकीतून मोजता येत नाही. मग दोष फक्त घसरगुंडीलाच का द्यायचा? ती रंगीत आहे आणि रस्त्यावरून दिसते म्हणून?

हा युक्तिवाद मला इतका आवडला की मी तो दादांना ऐकवला. ते जेवत होते. म्हणाले, “ऊस कालव्यावर हाय. पार्क कशावर हाय?” आणि भाकरी मोडू लागले.

पार्क बोअरवर आहे. आमचे गाव डोंगरावर. गिरिजा नदी आमच्याच डोंगरात उगम पावते, पण उगमाजवळच्या माणसाला नदी म्हणजे पावसाळ्यातला ओहोळ. येथला खडक काळा, बसाल्टचा. पाणी राहते ते भेगांत. पाऊस सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. नाथसागरात पाणी आहे म्हणून आमच्या बोअरला ते येत नाही. आणि ऑगस्टमधला एक लिटर आणि मे महिन्यातला एक लिटर यांना पुस्तकात एकच चिन्ह असले तरी ते एक नव्हेत. वॉटर पार्कची अडचण ते पाणी फार पिते ही नाही. ज्या महिन्यात ते सगळ्यांत कमी असते त्याच महिन्यात ते मागते, कारण त्याच महिन्यात माणसाला भिजावेसे वाटते. मागणी आणि पुरवठा येथे एकमेकांकडे पाठ करून उभे आहेत.

२०१६ साली मी चौथीत होतो. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी नेले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी. आमच्या ‘खेपां’त पन्नास. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे क्रिकेट सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले, आणि औरंगाबाद खंडपीठाने इथल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला लावली. तेव्हा क्रिकेट गेले याचे मला फार वाईट वाटले होते. मैदानावरचे पाणी वाचून लातूरच्या माणसाच्या हंड्यात येत नाही असे त्या वेळी पुष्कळ जण म्हणत, आणि ते भूगोलाच्या दृष्टीने खरेही आहे. पण आमच्या पार्काच्या बाबतीत ते लागू पडत नाही. येथे हंडा आणि हौद यांत अंतर चार किलोमीटरचे आहे.

जुन्या लोकांनी पाण्याच्या करमणुकीचा खर्च वेगळ्या तऱ्हेने बसवला होता. आमच्या गावातल्या बनी बेगम बागेत हौद आणि कारंजी आहेत. शहरात पाणचक्कीला डोंगराच्या पायथ्यापासून मातीच्या नळांतून पाणी येते, उंच भिंतीवर चढते, हौदात कोसळते आणि त्याच जोरावर एकेकाळी यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. मलिक अंबरची नहर तर त्याहून जुनी. या सगळ्यांत मोटार नाही. पाणी उंचावरून आले म्हणून उंच उडते. त्यांचा चालू खर्च जवळजवळ शून्य, सगळा खर्च पहिला. पण एकदा नळ गाळाने भरले आणि कोणी ते उपसले नाहीत की कारंजे म्हणजे नुसता दगड. पैठणचे संत ज्ञानेश्वर उद्यान १९७०च्या दशकातल्या जायकवाडीच्या पायथ्याशी, म्हैसूरच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर झाले. धरण शेजारी, पाण्याला तोटा नाही, आणि तरीही देखभालीवाचून तेथली कारंजी बंद पडली. तेव्हा पाणी असले म्हणजे झाले असेही नाही.

आता जे सांगायचे आहे ते हिशेबात कोठे बसवावे हे मला ठरवता आलेले नाही, म्हणून शेवटी ठेवले.

गेल्या मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पार्काच्या तीन बोअरपैकी दोन बोअर हवा ओढू लागले. मालकांनी टँकर लावले. दादा ज्यांच्याकडे कामाला आहेत त्यांचे दोन टँकर. एक शासकीय कामावर, वस्त्यांना पाणी देणारा, आणि दुसरा खासगी. त्या वर्षी दादा खासगीवर होते. दोन्ही टँकर घाटाखालच्या एकाच विहिरीवर भरत. खासगी खेप १,५०० रुपयांची धरली तर रोजच्या साडेआठ खेपांचे १२,९०० होतात, चाळीस दिवसांचे पाच लाख सोळा हजार. अंदाजपत्रकातल्या त्या कोऱ्या जागी हा आकडा यायला हवा होता.

दुपारी दोनच्या सुमारास पंपघराच्या मागच्या फाटकाशी भोंगा वाजला. टँकर आला की पाइप लावून टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा हे माझे काम. मी गेलो तर दादा. आम्ही दोघेही काही बोललो नाही. मी पाइप लावला, त्यांनी मागचे चाक फिरवले, पाणी टाकीत पडू लागले. दहा हजार लिटर उतरायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ ते सावलीला बसले. भिंतीपलीकडे मुले ओरडत होती. दादांनी विचारले, “हितं लाटा करत्यात म्हन्ले, खरंय का?” मी त्यांना मागच्या जाळीतून लाटांचा तलाव दाखवला. भोंगा झाला, लाटा सुटल्या, माणसे एकदम वर उचलली गेली. दादा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “भारी हाय की.” आणि खेपेच्या पावतीवर सही घ्यायला कार्यालयाकडे गेले.

त्या दिवशी सकाळी शासकीय टँकर आमच्या मामाच्या वस्तीवर दोनऐवजी एकच खेप टाकून गेला होता, कारण विहिरीत झरा भरायला वेळ लागत होता. हे आम्हाला रात्री कळले. विहीर तीच. माझ्या द्वितीय वर्षाच्या फीचे अर्धे पैसे पंपघरातून आले आणि उरलेले दादांच्या खेपांतून. दोन्ही एकाच विहिरीतून, असे म्हटले तरी चालेल.

पावसाळ्यानंतर मी मालकांना एक कागद नेऊन दिला. त्यात माझ्या बुद्धीप्रमाणे एवढेच लिहिले होते की घसरगुंडीच्या आधी शेततळी करावीत. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल अशा उतरत्या बाजूंच्या शेततळ्यात २,१९६ घनमीटर पाणी मावते, म्हणजे जवळजवळ २२० खेपा. पार्काच्या सगळ्या हंगामाला वाफ धरून अशी सहा लागतील. त्यासाठी दीड एकर जमीन अडकेल आणि खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरावा लागेल. शिवाय न्हाणीघराचे पाणी गाळून संडासाला आणि झाडांना वापरले तर रोजची एक-दोन खेप वाचेल. त्यांनी कागद शांतपणे वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “शेततळं बघायला कोण तिकीट काढतं रे?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि सरांनाही विचारले तर त्यांच्याकडेही नव्हते.

तरी त्यांनी दोन शेततळी खणली आहेत. एक सप्टेंबरात भरले, दुसऱ्यात अर्धे पाणी आहे. कालव्याचेही काम चालू आहे. मोठी घसरगुंडी बँकेच्या होकाराअभावी एक वर्ष पुढे गेली असे कळते.

परीक्षा संपली की मला पुन्हा पंपघरात जायचे आहे. तिसऱ्या वर्षाची फी आहे. या वेळी मी तेथल्या मिस्त्रींना सांगून ठेवले आहे की येणाऱ्या प्रत्येक टँकरची, प्रत्येक बॅकवॉशची आणि शेततळ्यांच्या रोजच्या पातळीची वही मी ठेवीन. मिस्त्री म्हणाले, ठेव, पण व्हॉल्व्ह वेळेवर उघड. वर जे आकडे मी धरून चाललो आहे त्यांच्या जागी तेव्हा मोजलेले आकडे येतील, आणि कोणाला ते पाहायचे असतील तर जूनमध्ये वही माझ्यापाशी असेल.